पेढीचा वारस आणि सशाची रेघ



आपल्या व्यापारी घरांतून अलीकडे एक नवी चिंता वारंवार कानी येते. मुलगा किंवा मुलगी हुशार आहे, वाणिज्य शाखेतले गुणही चांगले आहेत. पण मन रमते ते चित्रांत. आणि चित्रे तरी कोणती? गोलमटोल अस्वले, टपोऱ्या डोळ्यांची मांजरे, आजीच्या स्वयंपाकघरातील पितळी डब्यांची उतरंड, पावसात छत्री धरून उभी राहिलेली एखादी पोर. पाहताक्षणी जीव लावावा आणि बालपण आठवावे, एवढाच त्या चित्रांचा हेतू दिसतो. या कामाला आता ‘कॅरेक्टर डिझाइन’ असे भारदस्त नाव मिळाले असले, तरी घरात प्रश्न जुनेच विचारले जातात. वडील म्हणतात, “याने घर चालेल का?” आजोबा म्हणतात, “मग गादीवर कोण बसणार?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्यांनी उभे आयुष्य रोजमेळ जुळवण्यात घालवले, त्यांनी ते विचारायलाच हवेत. म्हणून आज परदेशातील एका व्यापारी घराची हकीकत सांगतो. त्या घरातही पेढी होती, गादी होती आणि चित्रे काढणारा एक मुलगा होता.

नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात १८६८ साली ए. डब्ल्यू. ब्रूना यांची पुस्तकांची पेढी सुरू झाली. पेढीच्या नावात पुढे ‘आणि पुत्र’ असे शब्द होते. ते वाचताच आपल्याकडील अनेक जुन्या पाट्या डोळ्यांपुढे येतील. प्रकाशन हा त्यांचा धंदा, आणि रेल्वे स्थानकांवरील पुस्तकांची दुकाने ही त्यांची खरी ओळख. या घराण्यात २३ ऑगस्ट १९२७ रोजी डिक ब्रूना यांचा जन्म झाला. त्यांनी पेढी पुढे चालवावी, अशी वडिलांची साहजिक इच्छा होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब शहर सोडून लोसड्रेख्टच्या तळ्यांकाठी लपून राहिले. तेथे डिक चित्रे काढीत राहिले. शाळेचे शिक्षण अर्धवटच राहिले. युद्ध संपल्यावर वडिलांनी त्यांना धंदा शिकण्यासाठी प्रथम लंडनला पुस्तकविक्रीच्या व्यवसायात आणि नंतर पॅरिसला एका प्रकाशनसंस्थेत धाडले. आपल्याकडेही मुलाला ओळखीच्या पेढीवर अनुभवासाठी पाठवतात, तसेच हे झाले. परंतु पॅरिसमध्ये या मुलाचे लक्ष हिशेबापेक्षा संग्रहालयांत अधिक गुंतले. आंरी मातीस आणि फेर्नां लेजे या चित्रकारांची सपाट, ठाशीव रंगांची चित्रे त्यांनी तेथे पाहिली. परतल्यावर त्यांनी घरात स्पष्ट सांगितले, की आपल्याला चित्रकार व्हायचे आहे. ॲमस्टरडॅमच्या कला अकादमीतही ते काही काळ गेले, पण तेथेही फार टिकले नाहीत.

शाळा अर्धवट, अकादमी अर्धवट आणि गादीला नकार! आपल्या घरी असा मुलगा असता तर नातेवाइकांनी काय काय सल्ले दिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. ब्रूनांच्या घरात मात्र एक मधला मार्ग निघाला. १९५२च्या सुमारास डिक वडिलांच्याच पेढीत कामाला लागले, पण वारस म्हणून नव्हे. मुखपृष्ठे आणि जाहिरात-फलक तयार करणारे चित्रकार म्हणून. पेढीला चित्रकार हवाच होता आणि मुलाला हाताला काम हवे होते.

ही गोष्ट वरवर तडजोडीची वाटते. पण तिच्यातून काय निष्पन्न झाले ते पाहण्यासारखे आहे. १९५५मध्ये ब्रूना पेढीने ‘काळी अस्वले’ अशा अर्थाच्या नावाची स्वस्त, खिशात मावणाऱ्या पुस्तकांची मालिका काढली. हा माल स्थानकावरच्या प्रवाशासाठी होता. गाडी सुटायची वेळ झालेली, हातात सामान, आणि गिऱ्हाईक दुकानासमोर फार तर काही क्षण थांबणार. मुखपृष्ठाने तेवढ्यात बोलले पाहिजे. डिक ब्रूना यांनी त्यासाठी चित्रातून एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली. जॉर्ज सीमेनाँ या लेखकाच्या गुप्तहेर मेग्रेच्या कथांसाठी त्यांनी पुष्कळदा केवळ त्याचा पाइप दाखवला. प्रवाशाला तेवढ्यावरून पुस्तक ओळखू येई. या मालिकेच्या जाहिरातीत वाचून वाचून डोळे लाल झालेले एक काळे अस्वल असे. त्यावर फारसे शब्द लागत नसत. आपल्या कारकिर्दीत त्यांनी अशी दोन हजारांच्या आसपास मुखपृष्ठे केली.

त्याच वर्षी, १९५५मध्ये, समुद्रकाठच्या एग्मंड आन झे या गावी ब्रूना कुटुंब सुटीवर गेले असता, आपल्या लहानग्या मुलाला ते बागेत दिसलेल्या सशाच्या गोष्टी सांगत. त्यातून एक छोटी ससुली जन्माला आली. डच भाषेत सशाच्या पिलाला लाडाने जे म्हणतात, त्यावरून तिचे नाव ‘नाइन्त्ये’ पडले. इंग्रजी पुस्तकांतून ती ‘मिफी’ म्हणून जगभर गेली. त्या वेळी चित्रकाराचे वय होते अवघे सत्तावीस.

आज पन्नासहून अधिक भाषांत आणि आठ कोटींहून अधिक प्रतींत पोचलेली ही पुस्तके पाहिली, तर कोणीही सहज म्हणेल, “हे तर माझी नातही काढील!” दोन ठिपक्यांचे डोळे, एका फुलीचे तोंड, दोन उभे कान आणि एक झगा, संपली ससुली. परंतु येथेच आपण थोडे थांबायला हवे. पहिल्या पुस्तकातली नाइन्त्ये अशी नव्हतीच. तिचे कान काहीसे झुकलेले होते आणि ती कापडी खेळण्यासारखी दिसे. ब्रूना यांनी आठ वर्षांनी, १९६३मध्ये, ते पुस्तक पुन्हा काढले. कान सरळ झाले, आकार नेटका झाला, पुस्तक चौकोनी झाले, म्हणजे लहान मुलाच्या दोन हातांत नीट बसेल असे. विकला गेलेला माल परत हाती घेऊन त्यातील उणीव दूर करणारा कारागीर आपल्याला बाजारात किती वेळा भेटतो?

त्यांची कामाची रीतही ऐकण्यासारखी आहे. एका चित्रासाठी ते आधी पातळ कागदावर डझनावारी कच्ची रेखाटने करीत. त्यांतील एक निवडून, त्याचा ठसा जाड कागदावर उमटवून, त्यावरून कुंचल्याने काळी रेघ ओढीत, अगदी सावकाश. म्हणून ती रेघ छापील रेघेसारखी गुळगुळीत दिसत नाही. नीट पाहिले तर तिच्यात हाताचा किंचित कंप जाणवतो. रंग मोजकेच: लाल, पिवळा, निळा, हिरवा. पुढे कुत्र्यासाठी तपकिरी आणि हत्तीसारख्या प्राण्यांसाठी करडा, एवढीच काय ती भर. नाइन्त्ये नेहमी वाचकाकडे तोंड करून उभी असते. मूल पान उलटते तेव्हा ती त्याच्याचकडे पाहत असते. तिला दुःख झाले तर गालावर एक अश्रू येतो. तोंडाची फुली मात्र तशीच राहते. बाकीचे दुःख मूल स्वतः ओळखते.

आपल्या धर्मात श्रावकासाठी परिग्रह-परिमाण व्रत सांगितले आहे. किती ठेवायचे याची मर्यादा आधी ठरवायची आणि मग तिच्या आत राहून जगायचे. ब्रूना यांना जैन विचाराचा परिचय होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण मर्यादा स्वखुशीने आखून घेतली की हाताला एक वेगळेच बळ येते, हा व्रतस्थ माणसाचा अनुभव त्यांच्या चित्रांतही दिसतो. चार रंगांत आयुष्य काढणाऱ्या या माणसाला पाचवा रंग विकत घेणे परवडत नव्हते, असे थोडेच आहे!

या साधेपणामुळे त्यांनी अवघड विषय टाळले, असेही झाले नाही. १९९६मध्ये त्यांनी नाइन्त्येच्या आजीच्या मृत्यूवर पुस्तक काढले. चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण कसे सांगावे, हा प्रश्न प्रत्येक घराला कधीतरी पडतो आणि आपण बहुधा “आजी देवाघरी गेली” असे म्हणून विषय बदलतो. ब्रूना यांनी शवपेटीत शांत निजलेली आजी दाखवली, रडणारे घर दाखवले, आणि शेवटी तिच्या समाधीशी फुले घेऊन जाणारी नात दाखवली. एवढ्याशा ससुलीच्या तोंडून हे कळल्यावर मुलाला भीती वाटत नाही. ‘गोंडस’ म्हणून आपण ज्या चित्रांना हसून बाजूला सारतो, त्यांच्या अंगी एवढे सामर्थ्य असू शकते.

आता थोडे व्यवहाराकडे वळू, कारण वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. पुस्तकांपाठोपाठ नाइन्त्ये कपबश्यांवर, दिव्यांवर, मुलांच्या कपड्यांवर आली. १९७१मध्ये या चित्रांचे हक्क सांभाळण्यासाठी ‘मर्सिस’ नावाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. म्हणजे चित्रकार चित्र काढील आणि ते कोठे, कोणत्या मालावर, कोणत्या अटीवर छापायचे ते ही संस्था पाहील, अशी विभागणी झाली. जपानमध्ये तर ही ससुली १९६४पासूनच मोमोको इशिई यांच्या अनुवादातून ‘उसाको-चान’ या नावाने घराघरांत पोचली होती. ज्या मुलींनी तेव्हा ती पुस्तके वाचली, त्याच पुढे आई आणि आजी झाल्या आणि दुकानात नातीसाठी तीच ससुली शोधू लागल्या. स्मृतीतून निर्माण होणारी मागणी ती हीच. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पिढीजात गिऱ्हाइकाचे मोल तो जाणतो.

जेथे मोल असते तेथे तंटाही येतो. जपानच्या ‘सान्रिओ’ या कंपनीने ‘हॅलो किटी’ या सुप्रसिद्ध मांजरीची एक मैत्रीण बाजारात आणली होती. तिचे नाव कॅथी, आणि तीही ससुली. तिचे रूप नाइन्त्येवरून घेतले आहे, असा दावा मर्सिसने केला. नोव्हेंबर २०१०मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने मर्सिसच्या बाजूने निर्णय देऊन कॅथीच्या वस्तूंची विक्री थांबवण्यास सांगितले. प्रकरण पुढे चालणार, तोच ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये महाभयंकर भूकंप आणि त्सुनामी झाली. त्यानंतर जूनमध्ये दोन्ही पक्षांनी समेट केला. सान्रिओने कॅथीच्या वस्तू काढणे थांबवले, आणि वकिलांवर खर्च होणारा पैसा वाचवून दोघांनी मिळून दीड लाख युरो आपद्ग्रस्तांसाठी दिले. क्षमापना आणि दान यांचे महत्त्व आपण वर्षानुवर्षे व्याख्यानांतून ऐकतो. दोन प्रतिस्पर्धी पेढ्यांनी कोर्टाची पायरी उतरून ते आचरणात आणावे, याची मनापासून अनुमोदना केली पाहिजे.

पण समेटाची ही वेळ आली, ती मुळात हक्क कागदावर पक्के होते म्हणून. आपल्या घरातील चित्रकार मुले नेमकी येथेच फसतात. भारतातील १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील तीन-चार गोष्टी प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवाव्यात. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा ठरतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र रंगवून दिले, तरी वेगळा करार नसल्यास हक्क सांगणाऱ्याकडे जातो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच करावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरते हक्क दिले असे समजतात. चित्रकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हा हक्क टिकतो, म्हणजे तो वारसांना मिळणारी मालमत्ताच आहे. दुकानाच्या भाडेपट्ट्यातील एकेक शब्द आपण वकिलाकडून तपासून घेतो. मग मुलीने काढलेले अस्वल पाच हजार रुपयांत तोंडी बोलीवर का देऊन टाकावे?

काही वाचक येथे वेगळी शंका काढतील. “हे सारे ठीक, पण अशा गोंडस चित्रांनी नटलेल्या वस्तू म्हणजे मोहाचाच पसारा नाही का? ज्या घरात चार पेले पुरतात, तेथे ससुलीचा पाचवा पेला कशासाठी?” ही शंका मला महत्त्वाची वाटते. आपल्या परंपरेत मधुबिंदूचा दृष्टांत आहे, आणि त्याचे चित्र अनेक मंदिरांच्या व उपाश्रयांच्या भिंतींवर असते. हत्तीच्या भयाने पळालेला माणूस विहिरीत फांदीला लोंबकळतो आहे. खाली साप आहेत, फांदी काळा आणि पांढरा उंदीर कुरतडत आहेत. वरच्या पोळ्यातून मधाचा थेंब ओठावर पडतो आणि विद्याधर विमान घेऊन सोडवायला आला तरी तो म्हणतो, आणखी एक थेंब! जुन्या दिवसांची गोड आठवण हाही असाच एक थेंब होऊ शकतो. खोलीभर बाहुल्या आणि डब्या जमवणाऱ्या तरुणांना तो दृष्टांत जरूर सांगावा.

मात्र त्याच वेळी हेही पाहावे, की मोहापासून सावध करणारा हा दृष्टांत आपल्यापर्यंत पोचला तोही चित्रातूनच. पाठशाळेत सहा लेश्या कशा शिकवतात? जांभळाचे झाड आणि त्याखालचे सहा माणसे: एक झाड मुळापासून तोडू पाहतो, शेवटचा केवळ खाली पडलेली फळे वेचतो. सहा वृत्तींना सहा देह आणि सहा रंग देणे, हे ‘कॅरेक्टर डिझाइन’ नाही तर दुसरे काय? राजस्थान आणि गुजरातेत चौदाव्या-पंधराव्या शतकांत लिहिलेल्या कल्पसूत्राच्या पोथ्या पाहा. चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला तो दुसरा डोळा एकदा पाहिला की ती शैली दुरूनही ओळखू येते. या पोथ्यांचा खर्च श्रावकांनी केला, त्यांतले अनेक व्यापारी होते, आणि ज्ञानभांडारांना त्या अर्पण केल्या. पोथीच्या शेवटच्या प्रशस्तीत दात्याचे नाव, कुळ, गाव सारे सापडते. चित्रकाराचे नाव मात्र क्वचितच आढळते. आपल्या पूर्वजांनी चित्रकलेला सढळ हाताने पोसले. तेवढी एक उणीव राहिली, ती आपण भरून काढू शकतो.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. गादीवर कोण बसणार? ब्रूना पेढीच्या हकीकतीतून मला जे समजते ते असे, की मुलाला गादीवर बसवण्याचा हट्ट आणि त्याला घराबाहेर काढण्याचा राग, या दोहोंपेक्षा पेढीत त्याच्या हातासाठी जागा शोधणे अधिक शहाणपणाचे असते. स्थानकावरच्या घाईतल्या गिऱ्हाइकाने त्या तरुणाला रेघ शिकवली. अकादमीत ती शिकायला मिळाली नव्हती. धंद्याने कलेला शिस्त दिली आणि कलेने धंद्याला ओळख दिली. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, डिक ब्रूना उट्रेख्टमध्येच निवर्तले. त्या शहरात आज त्यांच्या ससुलीचे संग्रहालय आहे, त्यांची कामाची खोली जशीच्या तशी जतन केली आहे, आणि एका छोट्या चौकात त्यांच्या मुलाने घडवलेला नाइन्त्येचा पुतळा उभा आहे. ‘आणि पुत्र’ हे शब्द असेही खरे होतात.

प्रत्येक मूल ब्रूना होणार नाही, हे उघड आहे. प्रत्येक नवी शाखा तरी कोठे चालते? पण शाखा उघडताना आपण मुदत ठरवतो, भांडवल ठरवतो, महिन्याचा हिशेब मागतो. चित्रकार मुलालाही हेच नियम लावावेत: दोन-तीन वर्षांची मुदत, ठरावीक रक्कम, स्वतंत्र खाते, आणि प्रत्येक कामाचा लेखी करार. टोमण्यांपेक्षा हिशेब मागणे मुलालाही मानवते, कारण हिशेब मागितला म्हणजे त्याच्या कामाला काम मानले.

आणि सुरुवात घरातूनच करावी. मिठाईचे दुकान असेल तर खोक्यावरचे चित्र, कापडाचे असेल तर पिशवीवरचे, पाठशाळा चालवत असाल तर लहानांच्या पुस्तकातले. यंदा पर्युषणानंतरचे क्षमापनापत्र तयार नमुन्यातून न निवडता घरच्या मुलीकडून काढून घ्या. बाहेरच्या चित्रकाराला दिला असता तेवढा मोबदला तिला द्या, तो रोजमेळात लिहा, आणि पत्राच्या कोपऱ्यात कुटुंबाच्या नावाबरोबर तिचेही नाव छापा.